लेन्सचे कोपरे खरंच सॉफ्ट आहेत का? फील्ड कर्व्हेचर घरच्या घरी तपासायची पद्धत

नवी ३५ मिमीची एफ १.८ लेन्स हातात आली त्याच संध्याकाळी मी बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या घरात भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि फोटो काढले. मधला मजकूर लख्ख, चारही कोपऱ्यांतली अक्षरं मात्र पुसट. लेन्स खराब निघाली असं समजून मी ती बदलून आणली. दुसऱ्या लेन्समध्ये डावीकडचे दोन कोपरे छान होते, उजवीकडचे वाईट. निदान दोन तरी चांगले आहेत, असं म्हणून ती ठेवून घेतली. पुढे मावसभावाच्या मुलाच्या मुंजीत काढलेल्या एकूण एक ग्रुप फोटोत उजव्या टोकाची माणसं धूसर आली, आणि तोवर बदलून घ्यायची मुदत संपली होती.

पहिली लेन्स ठणठणीत होती. बिघडलेली होती ती दुसरी. चांगली परत करून वाईट ठेवण्याचा हा प्रकार घडला, कारण कोपरा सॉफ्ट दिसला की तो 'किती' सॉफ्ट आहे एवढंच मी पाहत होतो. पाहायला हवं होतं ते हे की तो कोपरा 'कुठे' शार्प होतो. भिंतीवर नसेल, पण भिंतीच्या एक वीत पुढे किंवा मागे असेल तर? त्या वेळी हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून ज्यांच्या हातात आज नवी लेन्स आली आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. आधी भिंगाने ही वक्रता डोळ्यांनी पाहा

ही पायरी गाळू नका. पाच मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं सोपं होतं. दिवसा खोलीतले दिवे बंद करा. गजांच्या खिडकीसमोर साधं वाचायचं भिंग धरा आणि मागे पांढरा पुठ्ठा धरून त्यावर खिडकीची उलटी प्रतिमा पाडा. मधले गज स्पष्ट झाले की कडेचे धूसर असतील. आता पुठ्ठा भिंगाकडे किंचित सरकवा. कडेचे गज उजळून येतील आणि मधले विरघळतील. पुठ्ठा सपाट आहे, पण भिंगाने तयार केलेली प्रतिमा वाटीसारखी वळलेली आहे, म्हणून दोन्ही एकदम जुळत नाहीत. यालाच फील्ड कर्व्हेचर म्हणतात, प्रतिमाक्षेत्राची वक्रता.

आकड्यांत सांगायचं तर, अ‍ॅस्टिग्मॅटिझम (म्हणजे उभ्या आणि आडव्या रेघा वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होणं) बाजूला ठेवला तर एकट्या पातळ भिंगासाठी या वाटीची त्रिज्या म्हणजे काचेचा अपवर्तनांक गुणिले फोकल लेंथ. ५० मिमीचं भिंग आणि १.५ अपवर्तनांक धरला तर ७५ मिमी. फुलफ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या सेन्सरचा कोपरा मध्यापासून २१.६ मिमी दूर असतो. तिथे स्पष्ट प्रतिमा सेन्सरच्या सुमारे ३ मिमी पुढे पडेल. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ३ मिमी म्हणजे फार मोठी चूक. हा हिशेब मांडणाऱ्या योझेफ पेट्झव्हालचं नाव आजही या वक्रतेला चिकटलेलं आहे. १८४० सालच्या त्याच्या पोर्ट्रेट लेन्सने चेहरा झळझळीत यायचा, पण कडा विरत जायच्या. पुढे नव्या प्रकारच्या काचा आल्या आणि १८९० मध्ये झाईसच्या पाउल रुडॉल्फने अ‍ॅनास्टिग्मॅट लेन्स बनवली. तिच्यात वक्रता आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम दोन्ही एकत्र आटोक्यात आले. आपल्या बडोद्यात तंत्रशिक्षण देणारं कलाभवन सुरू झालं तेही १८९० मध्येच. मला हा योगायोग फार आवडतो.

आजच्या लेन्समध्ये बहिर्गोल आणि अंतर्गोल भिंगं अंतर राखून बसवतात आणि वक्रता जवळजवळ खोडून काढतात. जवळजवळ, पूर्ण नाही. उरलेली वक्रता मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतकी असते, आणि आपला सगळा गोंधळ तिच्यामुळे होतो.

२. सामान

पक्का ट्रायपॉड, चार-पाच दिवसांची वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, तळहाताएवढा सपाट आरसा, मोजपट्टी आणि शक्य असेल तर गवंड्याकडचा ओळंबा. वर्तमानपत्रातली छोट्या जाहिरातींची पानं घ्या. बारीक अक्षरं जितकी दाट तितकं बरं, मग ती मराठी असोत की गुजराती. फोटो पाहायला कॉम्प्युटर, त्यात फोटोशॉप किंवा फुकट मिळणारं गिंप. विकतचा टेस्ट चार्ट लागत नाही. लेन्सचं बिल मात्र जवळ ठेवा आणि बदलून मिळायची शेवटची तारीख त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. सगळी तपासणी त्या तारखेच्या आत व्हायला हवी.

कॅमेऱ्यात रॉ फाइल निवडा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. डिस्टॉर्शन करेक्शनही बंद करा, कारण ते कोपरे ताणून सरळ करतं आणि ताणलेला कोपरा आपोआप थोडा सॉफ्ट होतो.

३. भिंत आणि कॅमेरा समांतर करा

इथे सगळ्यांत जास्त लोक चुकतात. कॅमेरा भिंतीशी किंचित तिरका असला तरी एक बाजू धूसर येते आणि निर्दोष लेन्सवर आळ येतो.

आधी भिंत तपासा. जुन्या वाड्यांच्या भिंती ओळंब्यात नसतात. आमच्या घरातली एक भिंत मध्ये चांगली बोटभर फुगलेली आहे, हे मला ओळंबा लावल्यावर कळलं. सिमेंटची नवी भिंत किंवा फरशा लावलेली भिंत बरी. ३५ मिमी लेन्ससाठी पावणेदोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे फोकल लेंथच्या ५० पट. फुलफ्रेमवर तेवढ्या अंतरावरून साधारण १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच भाग दिसतो. सगळी भिंत कागदाने झाकू नका. मध्यावर एक आणि चार कोपऱ्यांत चार पानं पुरतात. प्रत्येक पान चारही कडांनी चिकटवा. नुसतं वरून टांगलेलं पान पंख्याच्या वाऱ्याने फुगतं.

आता आरसा. तो फ्रेमच्या मध्यावर भिंतीला सपाट टेकवून चिकटवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहत ट्रायपॉड हलवा, लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब आरशात आणि फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत. ते जुळलं की लेन्सचा अक्ष भिंतीला काटकोनात आला. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही युक्ती भरवशाची आहे, कारण ती भिंत जशी असेल तशी धरून चालते. आरशामागे चिकटपट्टीची गुंडाळी राहू देऊ नका. एका बाजूने तो उचलला गेला तर सगळं मोजमाप वाया.

४. मध्यावर फोकस, मग कोपऱ्यावर फोकस

अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडा. मॅन्युअल फोकसवर या आणि लाइव्ह व्ह्यू शक्य तितका मोठा करून मधल्या अक्षरांवर फोकस लावा. फोटो काढा. फोकस विस्कटून पुन्हा लावा, पुन्हा फोटो. असे तीन, कारण एका प्रयत्नावर कधीच विसंबू नये. मग कॅमेरा न हलवता मोठी केलेली चौकट उजव्या वरच्या कोपऱ्यात न्या, तिथल्या अक्षरांवर फोकस लावा आणि तसेच तीन फोटो. उरलेल्या तीन कोपऱ्यांसाठीही हेच. एकूण पंधरा फोटो होतील.

आता एकच कोपरा दोन फोटोंत शेजारी शेजारी ठेवून पाहा. मध्यावर फोकस असताना तो धूसर होता आणि कोपऱ्यावर फोकस लावल्यावर अक्षरं वाचता येण्याइतकी उजळली, पण मध्य गेला, तर ती वक्रता आहे. लेन्सच्या कोपऱ्यात तपशील टिपायची ताकद आहे, फक्त तो वेगळ्या अंतरावर टिपला जातोय. कोपऱ्यावर फोकस लावूनही अक्षरं सुधरलीच नाहीत तर दोष कोमाचा (कडेचे ठिपके शेपटीसारखे पसरणं), अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा किंवा बनावटीचा. बऱ्याच लेन्स या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात: कोपरा सुधारतो, पण मध्याइतका होत नाही. एखाद्या फोकसला मध्याकडे जाणाऱ्या रेघा स्पष्ट आणि त्यांना आडव्या रेघा धूसर, तर थोडा फोकस बदलला की नेमकं उलट, असं दिसलं तर तो अ‍ॅस्टिग्मॅटिझम. भिंगाच्या प्रयोगात कडेचे उभे आणि आडवे गज एकाच वेळी स्पष्ट होत नव्हते, तेही त्यामुळेच.

फोकस रिंग कोणत्या दिशेला फिरवावी लागली ते लिहून ठेवा. इथे मी स्वतः महिनाभर उलटा अर्थ लावत होतो. कोपरा भिंतीवर आणण्यासाठी रिंग दूरच्या बाजूला, अनंताकडे फिरवावी लागली, तर कोपऱ्यातला शार्प भाग भिंतीच्या अलीकडे, तुमच्याकडे पडत होता आणि तुम्ही तो मागे ढकललात. म्हणजे शार्प पृष्ठ फोटोग्राफरला कवेत घेतल्यासारखं वळलेलं आहे. रिंग जवळच्या बाजूला फिरवावी लागली तर ते भिंतीच्या पलीकडे वळलेलं आहे. घाईत हे उलटं वाचलं जातं, म्हणून दोनदा वाचा.

एक हिशेब करून पाहा म्हणजे भीती जाईल. ३५ मिमी लेन्स, पावणेदोन मीटर अंतर. कोपऱ्यात प्रतिमा सेन्सरपासून ०.१ मिमी सरकलेली असली तर भिंतीच्या बाजूला ते सुमारे २४ सेंमी होतात. डोळ्याला न दिसणारी चूक बाहेर एक वीतभराहून मोठी होते. एफ १.८ ला चालून जाणारी फोकसची सवलत, सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका चालतो हा नेहमीचा निकष धरला तर, सुमारे १३ सेंमी पुढे आणि तेवढीच मागे. कोपरा तिच्या बाहेर पडतो. एफ ८ ला तीच सवलत ५८ सेंमीच्या आसपास जाते आणि कोपरा तिच्यात आरामात बसतो. म्हणूनच अ‍ॅपर्चर बारीक केलं की कोपरे सुधारतात. वक्रता जात नाही, ती सवलतीखाली झाकली जाते. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर एकेक पिक्सेल ०.००६ मिमीचा असतो, त्यामुळे फोटो शंभर टक्के मोठा करून पाहणाऱ्याला ही सवलत कागदावर दिसते त्याहून बरीच कमी भासते.

काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदललं की फोकसही किंचित सरकतो. एफ ४ चा फोटो तपासायचा असेल तर फोकसही एफ ४ ला लावून पाहा.

५. चारही कोपरे सारखे आहेत का?

माझी दुसरी लेन्स इथेच पकडली गेली असती. वक्रता मध्याभोवती गोल फिरवल्यासारखी सारखी असते, म्हणून चारही कोपरे साधारण सारखेच धूसर दिसतात. एक बाजू चांगली आणि दुसरी वाईट, किंवा एकच कोपरा गेलेला, असं दिसलं की संशय डिसेंटरिंगचा: आतलं एखादं भिंग जागेवरून सरकलंय किंवा तिरकं बसलंय. माझ्या लेन्समध्ये ते वक्र पृष्ठच कलंडलेलं होतं, त्यामुळे डावे कोपरे योगायोगाने भिंतीला टेकत होते आणि मला ती लेन्स चांगली वाटत होती.

खात्रीसाठी कॅमेरा उलटा करा. अनेक ट्रायपॉडचा मधला दांडा काढून खालून बसवता येतो. तसा लावून समांतरपणा पुन्हा आरशाने जुळवा आणि त्याच भिंतीचा फोटो काढा. धूसरपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर भिंत किंवा मांडणी चुकलेली आहे. तो कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला तर दोष लेन्सचा.

आणि हे नीट ध्यानात घ्या: वक्रता डिझाइनमधली असते, त्या मॉडेलच्या प्रत्येक लेन्समध्ये येते. ती बदलून घेऊन काही हाती लागत नाही. डिसेंटरिंग त्या एका नगाचा दोष असतो, आणि बदलून घ्यायची ती ह्याच कारणासाठी.

६. गवतावर वक्रतेचा आकार पाहा

भिंत 'आहे की नाही' सांगते, गवत 'कशी आहे' ते दाखवतं. सकाळी कमाटीबागेतल्या कापलेल्या हिरवळीवर जा, किंवा घराजवळच्या एखाद्या सपाट मैदानावर. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा आणि पूर्ण फ्रेममध्ये जमीनच दिसेल इतका खाली झुकवा. क्षितिज सरळ ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस मध्यावर.

फोटो कॉम्प्युटरवर घ्या. फोटोशॉपमध्ये 'स्टायलाइज'खाली 'फाइंड एजेस', गिंपमध्ये 'एज डिटेक्ट'. शार्प गवताचा एक पट्टा उठून दिसेल, बाकी सगळं सपाट होईल. पट्टा आडवा सरळ असेल तर लेन्सचं क्षेत्र सपाट. टोकं खाली झुकून कमानीसारखा दिसला तर शार्प पृष्ठ कडेला तुमच्याकडे वळतंय. टोकं वर उचलून होडीसारखा दिसला तर तुमच्यापासून दूर. कधीकधी पट्टा आधी एकीकडे वळतो आणि अगदी कोपऱ्यांत उलटा फिरतो, पीळ दिलेल्या मिशीसारखा. अशी लेन्स सगळ्यांत फसवी, कारण मध्य आणि टोकाचा कोपरा दोन्ही बरे असतात आणि त्यांच्या मधला भाग पडतो. भिंतीवर फक्त पाच पानं चिकटवली असतील तर हे सापडतच नाही.

दव वाळल्यावर जा. थेंबांवरच्या चमका फोकसबाहेर गेल्या की गोल गोल वर्तुळं होतात आणि फिल्टर त्यांनाच कडा समजतो. पट्टा पहिल्यांदा दिसतो तेव्हा फार आनंद होतो, एवढं मात्र सांगतो. जे पृष्ठ आतापर्यंत फक्त आकृतीत पाहिलं होतं ते समोर गवतावर उमटलेलं असतं.

७. अंतर बदलून पुन्हा

जवळ फोकस केल्यावर वक्रता एक असते, दूर फोकस केल्यावर बहुधा दुसरी. २४ मिमी लेन्स खोलीत वर्तमानपत्रावर तपासून निसर्गचित्रांसाठी नापास करणं चूक आहे. ती जिथे वापरणार त्या अंतरावर तपासा. दूरसाठी गच्चीवरून समोरच्या इमारतींची रांग चालते. पावसाने हवा धुतल्यावर पावागडच्या बाजूची क्षितिजरेषाही उत्तम. दूरची एकच ठळक वस्तू घ्या, ती आधी फ्रेमच्या मध्यावर आणि मग प्रत्येक कोपऱ्यात ठेवून फोटो काढा. एप्रिल-मेच्या दुपारी हे करू नका. तापलेल्या गच्च्यांवरची हवा थरथरते आणि काहीच शार्प येत नाही. उत्तरायणाच्या दिवसांत पतंग उडवणाऱ्यांमुळे मोकळी गच्ची मिळायची नाही, तेव्हा तो आठवडाही सोडा.

मिररलेस बॉडीवर अ‍ॅडाप्टर लावून जुन्या फिल्मच्या वाइड लेन्स वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. सेन्सरपुढच्या काचेच्या थरामुळे काही लेन्सची कोपऱ्यातली वक्रता वाढते. फिल्मवर ती लेन्स चांगली होती हे खरं असू शकतं आणि तुमच्या बॉडीवर ती कमी पडते हेही. लेन्स ज्या बॉडीवर वापरणार तिच्यावरच तपासा.

८. निकाल लावताना काम डोळ्यांसमोर ठेवा

बडोद्याच्या कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांसारखं, किंवा घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रतींसारखं सपाट काम असेल तर वक्रता खरोखर अडचण आहे. अशा कामाला मॅक्रो लेन्स घ्या, त्या सपाट क्षेत्रासाठीच जुळवलेल्या असतात. (अशा ठिकाणी फोटोची परवानगी आधी विचारा.) मॅक्रो नसेल तर एफ ८ ठेवा आणि फोकस अगदी मध्यावर न लावता मध्यापासून कोपऱ्याकडे साधारण एक तृतीयांश अंतरावर लावा. चूक दोन्हीकडे वाटली जाते आणि कुठेच नजरेत भरत नाही.

देवळाचा सभामंडप किंवा वाड्याचा चौक आतून टिपायचा असेल तर तुमच्याकडे वळणारी वक्रता मदत करते, कारण फ्रेमच्या कडेच्या भिंती मुळातच तुमच्या जवळ असतात. पोर्ट्रेटमध्ये कोपऱ्यात कुणी पाहत नाही. मोकळ्या माळाच्या चित्रात हीच लेन्स क्षितिजाची दोन्ही टोकं मऊ करते आणि पुढच्या दोन कोपऱ्यांतलं गवत मात्र छान देते. तिथे अ‍ॅपर्चर बारीक करण्यावाचून पर्याय नाही. परीक्षणं वाचतानाही पाहा की कोपऱ्याचे आकडे मध्यावर फोकस ठेवून घेतलेत की कोपऱ्यावर वेगळा फोकस लावून. दोन परीक्षणांत एकाच लेन्सबद्दल विरुद्ध मतं दिसतात ती पुष्कळदा एवढ्यावरून.

वक्रतेला नेहमी शत्रूच समजलं गेलं असंही नाही. १९७० च्या दशकात मिनोल्टाने २४ मिमीची एक लेन्स काढली होती, तिच्यात एक रिंग फिरवून वक्रता हवी तशी पुढे-मागे करता यायची. वापरून टाकायच्या स्वस्त कॅमेऱ्यांत फिल्मच वक्र बसवत, म्हणजे एका साध्या प्लास्टिक भिंगाच्या वाटीत फिल्म बसे. आपल्या डोळ्याचा पडदाही वक्रच आहे.

वर्षभराने मी त्याच मॉडेलची लेन्स पुन्हा घेतली. भिंतीवर तिचे चारही कोपरे सारखेच धूसर होते, गवतावर पट्टा कमानीसारखा, आणि मी ती ठेवून घेतली. गेल्या वर्षी चुलत बहिणीच्या डोहाळजेवणाला हॉलमध्ये उजेड कमी होता, एफ २ पेक्षा छिद्र बारीक करता येत नव्हतं. पंधरा जणी एका ओळीत उभ्या होत्या. मी दोन्ही टोकांना सांगितलं, "काकू, तुम्ही अर्धं पाऊल पुढे या. मामी, तुम्हीपण." ओळ किंचित अर्धवर्तुळाकार झाली, मी मध्यावर फोकस लावला आणि बटण दाबलं. त्या फोटोत काकूंच्या नथीतला प्रत्येक मोती मोजता येतो.